फसपॉट, फिजेट, फ्लिबर्टिजिबेट : जुन्या इंग्रजीतली धांदरट, चुळबुळी आणि नाकं मुरडणारी माणसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडमधल्या एका खेड्यात १९२०-३० च्या सुमारास घडणारी कादंबरी तुम्ही मराठीत आणताय. तिच्यात एक आत्या फसपॉट आहे, तिचा भाचा फिजेट आहे, निवृत्त कर्नलला डॉक्टर ‘ओल्ड वूमन’ म्हणतो, धोबीण एका गिऱ्हाइकाला पर्निकेटी म्हणते, गावातली एक तरुणी फ्लिबर्टिजिबेट आहे, अमेरिकेहून आलेल्या पाहुणीच्या तोंडी फसबजेट आणि नर्व्हस नेली आहेत, आणि ऐंशीच्या घरातला पाद्री कुणाला तरी स्पॉफिश म्हणतो. कोशात पाहिलं तर सगळ्यांपुढे जवळपास एकच अर्थ दिलेला. त्यामुळे मराठीत सगळीकडे ‘चिडचिडा’ नाहीतर ‘चंचल’ पडतंय आणि माणसं एकसारखी वाटायला लागली आहेत.

कोश चुकत नाही. ‘फसी’ या एका शब्दाखाली इंग्रजीत चार-पाच वेगवेगळ्या खोडी एकत्र नांदतात. मराठीत त्या प्रत्येक खोडीला आपापलं नाव आहे, पण सगळ्यांना झाकणारा एकच शब्द नाही. म्हणून शब्दाला शब्द शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. आधी हे ठरवायचं की हा माणूस नेमकं काय करतोय. मग हे त्याला कोण म्हणतंय, आणि तोंडावर की मागे. शब्द त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की ‘चिडचिडा’ येतो, आणि ‘चिडचिडा’ तर तुमच्या यादीतल्या एकालाही लागू पडत नाही. फसपॉट आत्या चिडत नाही, ती घोर लावून घेते.

या खोडी अशा आहेत. पहिली, नसत्या गोष्टीचा घोर करून सगळ्यांच्या मागे लागणं : फसपॉट, फसबजेट, आणि थोड्या वेगळ्या अंगाने ओल्ड वूमन व नर्व्हस नेली. दुसरी, अंग एका जागी न ठरणं : फिजेट. तिसरी, बारीकसारीक गोष्टींत खोट काढणं, हे नको ते नको करणं : पर्निकेटी, फिनिकी, फॅडी. चौथी, मन किंवा पाय एका ठिकाणी न टिकणं : फ्लिबर्टिजिबेट, गॅडअबाउट. पाचवी, दुसऱ्याच्या कामात लगबगीने शिरणं : बिझीबॉडी, आणि तुमच्या पाद्रीबाबांचा स्पॉफिश. सीमारेषा पुसट आहेत, एखादा लेखक फिजेट हा शब्द घोर लावून घेणाऱ्यालाही वापरतो. त्यामुळे शेवटचा निर्णय त्या पानावरच्या वागण्यावरूनच करावा लागतो.

फसपॉटपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पुस्तकात तो सगळ्यात जास्त वेळा येणार. ‘फस’ हे नाम इंग्रजीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतं, त्याचं मूळ आजही वादात आहे. ‘फसी’ हे विशेषण बरंच नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याला भांडं, पेटी किंवा पिशवी जोडून माणसाचं नाव करण्याची रीत मग आली. चॅटरबॉक्स म्हणजे बडबडीची पेटी, तसा फसपॉट म्हणजे बाऊने भरलेलं भांडं. फसबॉक्सही होता, पण तो टिकला नाही. फसपॉट ब्रिटनमध्ये रुळला आणि फसबजेट अमेरिकेत. फसबजेटमधल्या ‘बजेट’चा पैशांशी संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बुजेत’ म्हणजे चामड्याची छोटी पिशवी, तीच इंग्रजीत बजेट झाली. अर्थमंत्र्याचं बजेटही त्याच पिशवीतून निघालं, आणि लंडनमध्ये १७३३ साली ‘बजेट उघडलं’ अशी टिंगल करणारी पत्रिका छापली गेली, तेव्हापासून तो अर्थ राजकारणात दिसतो. तुमच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही, तुम्हाला मात्र माहीत असायला हवं. नाहीतर पाहुणी आत्याला फसबजेट म्हणते तिथे पैशाच्या काटकसरीचा वास उगाच येतो, आणि असा घोटाळा छापील मजकुरातही होऊ शकतो.

फसपॉट हा शिवी नाही. घरातला, मुलं मोठ्यांना लाडाने म्हणतात असा शब्द आहे. मराठीत मात्र ‘कटकट्या’, ‘लुडबुड्या’, ‘चुळबुळ्या’ असे ‘-या’ लावून केलेले शब्द लहान पोराला लाडाने चालतात, आणि वडीलधाऱ्याला लावले की उर्मट होतात. म्हणून भाची आत्याला ‘कटकटी’ म्हणू शकत नाही. इथे मराठीची स्वतःची चाल वापरायची : माणसाला नाव ठेवण्याऐवजी त्याच्या वागण्यावर बोट ठेवायचं. इंग्रजी म्हणते ‘तू फसपॉट आहेस’. मराठी म्हणते ‘किती तो बाऊ करतेस!’

हे एका प्रसंगावर करून पाहू. हा नमुना मी रचलेला आहे, तुमच्या पुस्तकातला नाही. स्टेशनवर आत्या सामान तिसऱ्यांदा मोजते आहे. हमालाला विचारते आहे, की डबा इंजिनापासून लांब आहे ना, खिडकीची काच नीट लागते ना, आणि सँडविचांचा डबा उन्हाच्या बाजूला तर नाही ना ठेवला. भाची म्हणते, “ओ आँटी, डोन्ट बी सच अ फसपॉट!” मराठीत : “अगं आत्या, किती तो घोर! आहे ना सगळं जागेवर.” ‘अगं’ आणि एकेरी क्रियापदाने जवळीक आली, आणि शब्दाचं ओझं ‘किती तो’ने उचललं. ‘आत्या, फसपॉटसारखी वागू नकोस’ हे इंग्रजीच राहतं. आता तोच हमाल दुसऱ्या हमालाला म्हणतो, “रेग्युलर ओल्ड फसपॉट, शी इज.” तोंडावर नाही, मागे. इथे ‘-या’चा शब्द चालतो : “बाई कटकटी दिसतेय.” एवढंच पुरे. लंडनी हमालाला वऱ्हाडी किंवा मालवणी बोली देऊ नका. वाचकाला लगेच वऱ्हाड दिसायला लागतं आणि स्टेशन इंग्लंडातून उचलून अकोल्याला येतं. वाक्य तोकडं, तुटक आणि आदरार्थी रूपाशिवाय ठेवलं की वर्ग कळतो. तिसरा, आत्याचा मेहुणा पत्रात लिहितो, “शी वॉज बॉर्न अ फसपॉट.” पत्र आहे, वय झालेलं आहे, थोडी शिष्ट भाषा हवी : “नसत्या गोष्टींचा बाऊ करण्याची तिला जन्माची खोड आहे.” इंग्रजीत शब्द एकच, मराठीत तीन रूपं, आणि तिन्ही बरोबर. एकाच शब्दाला पुस्तकभर एकच प्रतिशब्द ठेवावा हा आग्रह पारिभाषिक लेखनात योग्य आहे, संवादात तो माणसांना पुतळे करतो.

अपवाद एकच. तो शब्द जर टोपणनावासारखा पुन्हापुन्हा येत असेल, म्हणजे अख्खं गाव तिला ‘आँटी फसपॉट’ म्हणत असेल, तर क्रियापदाने भागत नाही. तिथे एक नाव ठरवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं. ‘घोरपुराण आत्या’सारखं काही तयार केलं तरी चालेल, पण ते पहिल्या येण्यातच वागण्यासकट यायला हवं.

फिजेटबद्दल एक व्याकरणाची खूण लक्षात ठेवा, ती अशा बऱ्याच शब्दांना उपयोगी पडते. ‘अ फिजेट’ म्हणजे माणूस : सतत हालणारा, पाय हलवणारा, बोटांनी टेबल वाजवणारा. ‘द फिजेट्स’ म्हणजे अवस्था : अंगात भरलेली चुळबूळ. शब्दाच्या आधी ‘द’ आणि शब्द अनेकवचनी असेल तर जवळजवळ नेहमी ती अवस्थाच असते. द फॅन्टॉड्स, द विलीज, द जिटर्स, द हीबी-जीबीज हे सगळे शब्द या घरातले. फॅन्टॉड्स अमेरिकी, एकोणिसाव्या शतकातला, मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनच्या तोंडी येतो म्हणून आज तो लोकांना माहीत आहे. हीबी-जीबीज १९२३ च्या आसपासचा, बिली डीबेक या अमेरिकी व्यंगचित्रकाराच्या चित्रपट्टीतून पसरला. यांतला एकही शब्द माणसाचं नाव नाही, तरी भाषांतरात ‘तो फॅन्टॉड आहे’ अशा अर्थाची वाक्यं होतात. मराठीत अवस्थेला ‘अंगात चुळबूळ सुटणं’, ‘जिवाची तगमग होणं’, ‘अंगावर शहारा येणं’ अशी क्रियापदं तयार आहेत. हीबी-जीबीज आणि विलीजमध्ये भीतीचा अंश जास्त असतो, फिजेट्समध्ये अस्वस्थतेचा. तेवढा फरक ठेवला की झालं.

माणूस म्हणून फिजेट आला की ‘चंचल’ टाळा. चंचल मराठीत मनाला, लक्ष्मीला किंवा नजरेला लागतं. फिजेट देहाचा शब्द आहे. ‘एका जागी बूड टेकत नाही’, ‘सारखी चुळबूळ’, ‘याच्या पायात काय भरलंय’ ही घरातली वाक्यं बरोबर बसतात. भाचा आठ वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे ‘चुळबुळ्या’ही चालेल, आत्याच लाडाने म्हणत असेल तर फारच छान. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा : ‘अतिचंचलतेचा विकार’, ‘लक्ष एकाग्र न होणं’ असले आजचे वैद्यकीय शब्द. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत तो विकार आजच्या नावाने १९८७ मध्ये आला. १९२५ सालच्या आत्याला पोराचं फक्त बूड टेकत नाही एवढंच दिसतं, तिच्या तोंडी निदान घातलं की काळ मोडतो. फिजेट स्पिनर नावाच्या खेळण्यामुळे २०१७ पासून तरुण वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटतो. तळटीप देण्याचा मोह त्यामुळेच होतो, पण तिची गरज नाही.

धोबिणीचा पर्निकेटी हा स्कॉटलंडचा शब्द, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून छापील मजकुरात दिसणारा. अमेरिकेत गेल्यावर त्याच्या मध्ये एक ‘स’ घुसला आणि तो पर्स्निकेटी झाला. हा ‘स’ तुमच्यासाठी फार उपयोगाचा आहे. पुस्तकात धोबीण ‘पर्निकेटी’ म्हणते आणि पाहुणी ‘पर्स्निकेटी’ म्हणते असं असेल तर ती छपाईची चूक नव्हे, लेखकाने दोघींचे देश कानाला ऐकवलेत. मराठीत तो फरक शब्दात आणता येणार नाही, पाहुणीच्या बोलण्याच्या ढबीत आणावा लागेल. धोबीण मुळात स्कॉटलंडची आहे का तेही बघा. ती असेल तर तिच्या बोलण्यात ‘फाइक’ हा शब्दही सापडू शकतो. स्कॉट्स भाषेत फाइक म्हणजे चुळबूळही आणि नसता खटाटोपही, आणि फिजेटचा तो जवळचा नातलग मानला जातो.

इथे मराठीत एक खड्डा आहे. ‘चोखंदळ’ आणि ‘काटेकोर’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे स्तुतीचे. चोखंदळ वाचक, काटेकोर हिशेब. ‘चिकित्सक’ अर्धा स्तुतीचा, अर्धा टोमण्याचा. पर्निकेटी मात्र तक्रारीचा शब्द आहे. म्हणून नुसतं ‘चोखंदळ गिऱ्हाईक’ लिहिलंत तर धोबीण त्या बाईंचं कौतुक करतेय असं होईल. ‘नको तितकी चिकित्सा’, ‘खुसपटं काढणारी’, ‘कॉलरच्या एका सुरकुतीवर कीस पाडणारी’ असं लिहा. वस्तूचं नाव घातलंत तर फारच चांगलं, कारण या खोडीचं सगळं अस्तित्व बारीकसारीक वस्तूंत असतं : खळ किती, इस्त्रीची घडी कुठे, बटण कोणत्या बाजूला. आणखी एक, पर्निकेटी हा शब्द कामालाही लागतो. ‘अ पर्निकेटी जॉब’ म्हणजे किचकट, हात सांभाळून करायचं काम. तिथे माणसाच्या स्वभावाचा काही संबंध नाही.

फिनिकी आणि फॅडी हे दोघे जेवणाच्या टेबलावर जास्त भेटतात. ‘खाण्यात नखरे’, ‘जेवणाचे चोचले’ एवढ्याने काम होतं. ‘फसी’ हाच शब्द खोलीला, टोपीला किंवा भिंतीवरच्या कागदाला लागला असेल तर तो स्वभावाचा नसून सजावटीचा आहे : नक्षी, झालरी, लेस यांची गर्दी. आणि ‘आय अ‍ॅम नॉट फस्ड’ असं ब्रिटिश माणूस म्हणाला की त्याचा अर्थ ‘मला काहीही चालेल’. ‘मी गडबडलेलो नाही’ असं भाषांतर तिथे सरळ चूक आहे. अमेरिकी बोलण्यात ‘फसी बेबी’ म्हणजे किरकिरं मूल, आणि ‘चिडचिडा’च्या सगळ्यात जवळ जाणारा वापर तेवढाच.

आता कर्नल. पुरुषाला ओल्ड वूमन म्हणणं ही जुन्या इंग्रजीची फार आवडती चपराक आहे. अर्थ असा, की हा पुरुष असून घाबरट, काळजीखोर आणि क्षुल्लक गोष्टींत अडकणारा आहे. घरकामात नाक खुपसणाऱ्या पुरुषाला शेक्सपिअरच्या काळात कॉटक्वीन म्हणत. रोमिओ-ज्युलिएटमध्ये दाई खुद्द ज्युलिएटच्या बापाला तसं म्हणते आणि झोपायला पाठवते. एकोणिसाव्या शतकात नटव्या, नखरेल पुरुषाला मिस नॅन्सी म्हणू लागले, आणि पुढे नॅन्सी हा शब्द समलैंगिक पुरुषांसाठी शिवी झाला. या सगळ्यांत डंख एकच : पुरुषाला बाईच्या जागी बसवणं. अनुवादात हा डंख पुसायचा नाही, कारण डॉक्टर कसा माणूस आहे हे त्यातूनच कळतं, आणि वाढवायचाही नाही. ‘म्हातारी’ लिहिलंत तर वाचक गोंधळतो. ‘बायल्या’ लिहिलंत तर फार जड आणि वेगळ्या दिशेचं होतं. ‘ताकही फुंकून पिणारा’ सुचतं, पण त्या म्हणीत आधी दुधाने तोंड पोळलेलं असतं. कर्नलचं काही पोळलेलं नाही, त्याचा स्वभावच तसा आहे. मला ‘आजीबाई’ योग्य वाटतं : “कर्नल कसला, नुसत्या आजीबाई आहेत!” मराठीत सूचना आणि काळज्या करत बसणाऱ्या तरुण पोरालाही आपण आजीबाई म्हणतो, आणि लष्करी हुद्द्याशेजारी तो शब्द ठेवला की डॉक्टरचा टोमणा पोचतो.

नर्व्हस नेली वेगळी. ती अमेरिकी, आणि तुमच्या काळाशी अगदी जुळणारी. १९२५ ते १९२९ या काळात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री असलेल्या फ्रँक केलॉग यांना हे टोपणनाव चिकटलं होतं. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनाम युद्धात कच खाणाऱ्यांना उद्देशून ते पुन्हा वापरलं, तेव्हा ते जगभर गेलं. म्हणजे तुमची पाहुणी तिच्या काळात अगदी चालता शब्द वापरतेय, जुनाट नाही. मराठीत ‘भित्री भागूबाई’ तयारच आहे. स्वभाव जुळतो, बाईचं नाव पुरुषालाही लागतं ही गंमत जुळते, आणि अनुप्रासही दोन्हीकडे आहे. म्हणून भागूबाई नेलीसाठी राखून ठेवा, कर्नलवर खर्च करू नका. पुस्तकात कुठे वरीवॉर्ट भेटला तर तारीख बघा. तो जे. आर. विल्यम्स यांच्या अमेरिकी चित्रमालिकेतून आला आणि आधी दुसऱ्यांना काळजीत टाकणाऱ्या पात्राचं ते नाव होतं. स्वतः काळजी करत बसणारा हा आजचा अर्थ नंतर रुजला. त्याला ‘चिंतातुर जंतू’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. फडी-डडी भेटला तर मात्र तो या कुळातला नव्हे, तो जुनाट वळणाचा, नव्याला नाक मुरडणारा.

फ्लिबर्टिजिबेट हा तुमच्या यादीतला सर्वांत जुना आणि सर्वांत धोक्याचा शब्द. पंधराव्या शतकापासून तो वेगवेगळ्या रूपांत सापडतो, आणि मुळात बडबडीच्या आवाजाची नक्कल असावा : फ्लिबर-जिबर, म्हणजे आपली वटवट. १५४९ मध्ये बिशप लॅटिमरच्या प्रवचनात तो येतो. मग १६०३ च्या एका पुस्तकात तो सैतानाच्या दूताचं नाव झाला, तिथून किंग लिअरमध्ये गेला. १८२१ मध्ये वॉल्टर स्कॉटने एका खट्याळ पोराला ते टोपणनाव दिलं. विसाव्या शतकात मात्र तो बहुतेक वेळा तरुण स्त्रीला लागतो : उथळ, बोलघेवडी, एका गोष्टीवर मन न टिकणारी. तुमच्या कादंबरीत हा शेवटचा अर्थ. पण पाद्रीबाबा तो वापरत असतील तर सैतानाचा पदरही त्यांच्या कानात असू शकतो, ते वाक्य नीट वाचून बघा.

मराठीत ‘उठवळ’ आणि ‘चवचाल’ हे शब्द पहिल्यांदा सुचतात आणि दोन्ही टाळायला हवेत, कारण दोन्हींत चारित्र्यावर शिंतोडा आहे. फ्लिबर्टिजिबेटमध्ये तो नाही. डोकं हलकं आहे, वागणं सैल नाही. ‘उल्लू’, ‘मूर्ख’ही नको, कारण तिला अक्कल असू शकते, ती एका जागी थांबत नाही इतकंच. ‘अल्लड’ जवळ जातं, पण त्यात फार कौतुक आहे, कवितेत शोभेल. गावातल्या वयस्क बायका बोलत असतील तर ‘नुसती भिंगरी आहे’ आणि ‘तोंडाला विसावा नाही’ ही दोन वाक्यं मिळून अर्थ बसतो : फिरणंही आलं, बडबडही आली. शब्दाच्या आवाजातली गंमत हरवू नये असं वाटत असेल तर ‘चुरूचुरू बोलणारी’, ‘भिरभिरी’ अशा पुनरुक्तीच्या शब्दांकडे वळा, मराठीकडे त्यांची कमी नाही.

गॅडअबाउट याहून सोपा. मौजेसाठी घराबाहेर हिंडणारा. ‘गॅड’ हे क्रियापद जुनं आहे, १६११ च्या इंग्रजी बायबलात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात ते येतं. ‘पायाला भिंगरी’ पुरुष-स्त्री दोघांना, आणि बाईला थोड्या झणझणीत सुरात ‘भटकभवानी’. भिंगरी एका जागी वापरलीत तर दुसरीकडे टाळा, नाहीतर दोन वेगळ्या मुली एक होतील.

कोणता शब्द कधीचा आणि कुठला, हे तपासण्याचा क्रम सांगतो. लंडनच्या बोलीसाठी १८५९ चा जॉन कॅम्डेन हॉटनचा कोश आणि १८९० ते १९०४ या काळात सात खंडांत निघालेला फार्मर-हेन्लींचा कोश. त्याआधीचं हवं असेल तर १७८५ चा फ्रान्सिस ग्रोसचा. खेड्यातल्या पात्रांसाठी हे कोश अपुरे पडतात. तिथे जोसेफ राइट यांचा १८९८-१९०५ चा सहा खंडांचा बोलीकोश बघायचा, तो शब्द कोणत्या परगण्यात चालतो ते सांगतो. हे चारही इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. विसाव्या शतकासाठी १९३७ चा एरिक पार्ट्रिज आणि २०१० चा जोनाथन ग्रीन. ग्रीनमध्ये अवतरणं तारखेनुसार लावलेली असल्याने तुमच्या दशकात शब्द चालता होता की मेलेला, हे एका नजरेत कळतं. पार्ट्रिजच्या तारखा बऱ्याचदा अंदाजाच्या असतात, त्यांच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

गूगल बुक्समध्ये शोधताना दोन गोष्टी सांभाळा. फसपॉट, फसबजेट हे शब्द सलग, तोडून आणि जोडरेघेने असे तिन्ही प्रकारे छापलेले असतात, तिन्ही शोधावे लागतात, आणि तरीही ओळ तुटून पुढच्या ओळीवर गेलेले निसटतात. दुसरं, १८०० च्या आधीच्या छपाईत ‘स’साठी एक लांब अक्षर वापरत, ते संगणक ‘फ’ म्हणून वाचतो. ‘फस’ तिथे ‘फफ्स’सारखा काहीतरी होऊन बसतो. म्हणून कोणता शब्द कधी किती छापला गेला ते दाखवणाऱ्या गूगलच्या आलेखात अठराव्या शतकात तो शब्द दिसला नाही तर नव्हता असं समजू नका, आणि अचानक उगवलेला दिसला तरी मूळ पान उघडून पाहा.

मराठीच्या बाजूने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि मोल्सवर्थ-कँडींचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश जवळ असू द्या. अशा स्वभावांसाठी दाते-कर्वे यांचा शब्दकोशही चांगला, कारण तो शब्दाबरोबर वाक्प्रचार देतो, आणि इथे आपलं काम बहुतेक वेळा वाक्प्रचारानेच होतं.

शेवटी स्पॉफिश, कारण त्याचं उत्तर या कोशांतूनच येतं. डिकन्सच्या १८३६ च्या सुरुवातीच्या लेखनात हा शब्द भेटतो, आणि हॉटनच्या कोशात ‘स्पॉफी’ म्हणजे लगबगीने सगळीकडे नाक खुपसणारा असा अर्थ दिला आहे. १९२० च्या दशकात तो शब्द कोणाच्याच तोंडी नव्हता. मग लेखकाने तो ऐंशी वर्षांच्या पाद्र्याला का दिला असेल? ऐंशी वर्षांचा माणूस तेव्हा १८४० च्या दशकात जन्मलेला, बापाच्या आणि आजोबाच्या पिढीचे शब्द जपणारा. डॉक्टरच्या तोंडी तोच शब्द असता तर मी साधा ‘लुडबुड्या’ सुचवला असता. इथे मराठीतही वाचकाला कळेल पण तो स्वतः बोलणार नाही असा शब्द हवा. ‘उठाठेव’ अजून सगळ्यांना कळतं, पण माणसाला ‘उठाठेव्या’ म्हणणं जुन्या पिढीचं झालं आहे, आणि त्यात लगबग, पुढेपुढे करणं, नसत्या कामात शिरणं हे तिन्ही आहे. “गृहस्थ सज्जन आहे, पण मोठा उठाठेव्या.” पाद्रीबाबांना बाकी वाक्यांतही अशीच जरा जुनी घडण द्या, ‘परंतु’, ‘गृहस्थ’, ‘खचित’ अशी. नाहीतर तो एकच शब्द एकटा उघडा पडेल.